त्रासाचा रकाना

गठ्ठा बारीक होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी बाइंडिंगच्या कारखान्यात त्याला सगळे गठ्ठाच म्हणत. एकशे एकतीस किलो वजन असताना पडलेलं नाव, आपण सत्तरवर आलो की गळून जाईल असं त्याला वाटलं होतं. पण नावाचं ऑपरेशन होत नाही. नवीन कुणी कामावर आला की तो "गठ्ठा कोण?" म्हणून इकडेतिकडे बघायचा, आणि कटिंग मशीनपाशी उभा असलेला, खांद्याची हाडं शर्टातून वर आलेला, साठीला टेकलेला हा माणूस हात वर करायचा. मग सगळे पोट धरून हसायचे. हा विनोद अकरा वर्षं चालला होता आणि अजून शिळा झाला नव्हता.

ऑपरेशन वजन कमी करण्याचं होतं. डॉक्टरांनी त्याच्या पोटाचा कोंबडीच्या अंड्याएवढा भाग वेगळा काढला, उरलेलं पोट तसंच बाजूला राहू दिलं आणि आतडं वर ओढून त्या अंड्याला जोडलं. पुढे जन्मभर काय काय सांभाळायचं, हे ते खाटेशी उभे राहून अर्धा तास समजावून सांगत होते. गठ्ठा तेव्हा गुंगीत होता. बायको शुद्धीत होती. तेव्हापासून ऑपरेशन त्याचं आणि पथ्य तिचं, अशी वाटणी झाली ती झालीच.

तिने आपला वाटा चोख सांभाळला. लहान मुलांची असते तशी ताटली आणली. त्यात आधी मासा, अंडं, चिकन नाहीतर घट्ट दही. ते संपलं की भाजी. त्यानंतरही जागा उरली तर ब्रेडचा तुकडा किंवा दोन चमचे भात. जेवताना पाण्याचा पेला टेबलावर नसायचा, तो अर्ध्या तासाने यायचा. इतक्या वर्षांत गठ्ठ्याची अशी समजूत झाली होती की माणसाला तहान लागते तीच मुळी जेवणानंतर अर्ध्या तासाने. लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियमची दुपारी, कारण दोघी एकदम पोटात गेल्या तर भांडतात, असं ती म्हणायची. दर तीन महिन्यांनी दंडात जीवनसत्त्वाची सुई. गोड पदार्थ घरात यायचाच नाही.

"अहो, गिळू नका, चावा. वीस वेळा."

"मोजतेस की काय?"

"मग? तुम्ही मोजणार आहात?"

आणि ती खरंच मोजायची, ओठ हलवत. तो खात असेतो तिच्या तोंडात घास नसायचा. पण ते त्याने कधी मोजलं नव्हतं.

हॉस्पिटलने पहिल्या वर्षासाठी एक तक्ता दिला होता. त्यात चार रकाने होते: वेळ, काय, किती, त्रास. तक्ता संपल्यावर गठ्ठ्याने कारखान्यातून लांब, अरुंद कातरण आणली. मोठ्या कागदाच्या कडा कापल्या की असल्या पट्ट्या उरतात आणि रद्दीत जातात. त्यांना शिलाई मारून, पाठीला कापडी पट्टी लावून त्याने वही बांधली आणि रकाने आखून दिले. मग दरवर्षी एक वही, हा त्यांच्या घरचा शिरस्ताच झाला.

"पहिलं वर्षच लिहायचं होतं ना गं? आता किती वर्षं लिहिणार?"

"तुम्ही वह्या देताय तोवर."

तो वह्या द्यायचा. वाचायचा मात्र नाही, आणि यात दोष त्याचा कमी, धंद्याचा जास्त. बाइंडरने पानं बघायची असतात. क्रम बरोबर आहे का, घडी घातलेल्या पानांचा एखादा फर्मा उलटा तर लागला नाही ना, कड सरळ आली का. आत काय छापलंय ते वाचत बसला तर काम उरकायचं कधी? कायद्याची, कवितांची, संसार सुखाचा कसा करावा याची हजारो पुस्तकं चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेली होती. एकातली एक ओळ त्याला सांगता आली नसती.

सात महिन्यांपूर्वी एका दुपारी ती गच्चीच्या जिन्यात, मधल्या पायरीवर बसलेली सापडली. शेजारी ओल्या कपड्यांची बादली होती, सरळ ठेवलेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गठ्ठा एकच वाक्य सांगायचा.

"कधी कसला त्रास नव्हता हो तिला."

"असं जाणं नशिबात असावं लागतं," लोक म्हणायचे, आणि बरोबर आणलेला डबा टेबलावर ठेवायचे.

त्या डब्यांनी खरा घोटाळा केला. दुःखी आणि हाडकुळा, दोन्ही एकदम असलेला माणूस बघून लोकांना राहवत नाही. समोरच्या वहिनी दर दोन दिवसांनी केक करून आणायच्या. "भावजी, एवढं संपवा. हाडं मोजता येतायत तुमची." हाडं आधीपासूनच मोजता येत होती, पण तेव्हा त्याची बायको जिवंत असल्यामुळे कुणी मोजली नव्हती. गठ्ठा एकटा बसून केक खायचा, वर साखरेचा चहा प्यायचा. पंधराव्या मिनिटाला छाती धडधडायला लागायची, घाम फुटायचा, पोटात पिळवटायचं, उभं राहवायचं नाही. तो पलंगावर आडवा व्हायचा आणि छताकडे बघत पडायचा.

हे दुःखच आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पुस्तकांत दुःखाने छाती भरून येते असं असतं म्हणे, त्याने बांधली होती तसली पुस्तकं. फक्त एका गोष्टीचं त्याला नवल वाटायचं. दुःख इतकं वेळेवर कसं येतं? रोज सव्वापाचला, चहानंतर बरोब्बर पंधरा मिनिटांनी. आणि सुटीच्या दिवशी, वहिनी सकाळीच केक देऊन गेल्या की, सव्वादहाला.

लेक दुसऱ्या शहरात होती, तिचा रोज फोन यायचा.

"बाबा, जेवलात ना?"

"जेवलो."

"त्रास नाही ना काही?"

"त्रास कसला? आठवण येते, एवढंच."

एक दिवस आठवण कारखान्यात आली. दुपारी त्याने जॅम लावलेले ब्रेडचे चार तुकडे उभ्या उभ्या खाल्ले होते आणि वर सरबत घेतलं होतं. दोन तासांनी कटिंग मशीनवर कागदाची रीम सरळ करत असताना त्याचे हात थरथरले, डोळ्यांपुढे काळोखी आली, आणि तो त्या रिमेवरच डोकं ठेवून झोपल्यासारखा पडला. वर हातभर लांबीचं पातं होतं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय ते खाली येत नाही, म्हणून मान राहिली.

घड्यांच्या टेबलावरून घडीमावशी धावत आली. तीस वर्षं ती कागदांच्या घड्या घालत होती, आणि कारखान्यात मालकाला "अरे" म्हणायची मुभा असलेली ती एकटीच होती.

"साखरपाणी आणा! अरे, बघताय काय सगळे? गठ्ठा उतरला आपला!"

पेलाभर साखरपाणी पोटात गेल्यावर गठ्ठा ताडकन उठून बसला. सगळ्यांना फार बरं वाटलं. दोन तासांनी तो परत पडला. सगळ्यांनी परत साखरपाणी आणलं.

दुसऱ्या दिवशी मालकाने त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, वयाने लेकीएवढा.

"काका, कागद चुकला तर दुसरा कापता येतो. तुमचा हात गेला तर मी काय करू?"

"हात कुठे गेलाय?"

"म्हणूनच आत्ता बोलतोय. हॉस्पिटलचं पत्र आणा, मशीनवर उभं राहायला हरकत नाही म्हणून. तोवर खळ लावायला बसा. महिनाअखेरीपर्यंत पत्र आलं नाही तर मला दुसरा कटर बघावा लागेल. आणि काका, खरं सांगू, तुम्ही आता आराम करायला हवा."

आराम या शब्दाने गठ्ठ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आराम कसा असतो हे तो सात महिन्यांतल्या प्रत्येक सुटीला बघत होता. एक खुर्ची, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि सव्वादहा.

हॉस्पिटलातली आहाराची बाई तरुण होती. तिच्या टेबलावर प्लॅस्टिकची अंडी, प्लॅस्टिकचा मासा आणि एक रबरी पोट मांडून ठेवलेलं होतं.

"काका, पाच वर्षांत तुम्ही एकदाही आला नाहीत."

"बायको फोन करायची."

"मग आता त्यांनाच घेऊन यायचं ना."

गठ्ठ्याने काय ते सांगितलं. मग तिने सगळं विचारून घेतलं. केक, चहा, जॅम, सरबत, पडणं, घाम. गठ्ठा म्हणाला, "दुःखाने होतं असं."

"दुःखाने होतही असेल. पण पंधरा मिनिटांनी होतं ते केकने." तिने रबरी पोट हातात घेतलं. "तुमच्या पोटाला आता दार नाही, काका. गोड खाल्लं की सगळं थेट आतड्यात धडकतं. मग धडधड, घाम, कळा. आणि तेवढ्या साखरेला शरीर घाबरतं, आवरायला जरा जास्तच जोर लावतं. दोन तासांनी साखर इतकी खाली जाते की माणूस पडतो. तेव्हा लोक काय करतात? पेलाभर साखरपाणी पाजतात. की परत तेच."

"म्हणजे साखरेने चढवलं, साखरेने पाडलं?"

"अगदी. तसं हातपाय थरथरले तर थोडीशीच साखर, आणि लगेच त्यावर अंडं किंवा दही. आणि गोळ्या घेताय?"

"कुठल्या?"

तिने कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता. रक्त तपासायला दिलं, दंडात सुई दिली, गोळ्या लिहून दिल्या आणि एक तक्ता पुढे ठेवला. "तीन आठवडे रोज लिहायचं. तक्ता नीट दिसला, चक्कर आली नाही, तर पत्र देते. रकाने समजावून सांगू?"

"रकाने येतात मला," गठ्ठा म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने खरं लिहिलं. चहा, बिस्किटं चार. ब्रेड. रात्री समोरच्या वहिनींचा भात, कालचा. त्रास: घाम, पोटात कळ. लिहून झाल्यावर तक्ता लांब धरून बघितला, आणि त्याच्या लक्षात आलं की असल्या कागदावर शहाणं माणूस सही करणार नाही.

मग त्याने कपाट उघडलं. अकरा वह्या कापडी पाठ बाहेर करून ओळीने उभ्या होत्या. शेवटची जेमतेम निम्मी भरलेली होती. त्याने ती काढली, गेल्या वर्षीच्या याच तारखेचं पान उघडलं, आणि उतरवून काढायला बसला. यात खोटं काही नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. हे सगळं त्याने खाल्लेलंच होतं. जरा आधी खाल्लं होतं, एवढंच.

उतरवण्याचं काम त्याने फार नेटकं केलं. एकेक ओळ, रकान्यामागे रकाना, कड सरळ. अक्षर बायकोचं होतं, त्यामुळे नजर ओळीवर फार वेळ ठेवणं त्याला झेपतही नव्हतं. चाळीस वर्षांची सवय कामी आली. तो पान बघत होता, वाचत नव्हता.

पाचव्या दिवशी गंमत झाली. वही स्वयंपाकघरातच उघडी पडलेली असायची. बिस्किटं संपली होती, वहिनी माहेरी गेल्या होत्या, आणि समोरच्या पानावर "अंडी दोन" असं होतं. घरात अंडी होती. त्याने दोन उकडली आणि आळसापोटी खाल्ली. वीसपर्यंत मोजत खाल्ली, कारण मोजायला दुसरं कुणी नव्हतं. सव्वापाच वाजले. सव्वापाच होऊन गेले. दुःख आलं नाही.

साडेपाचला तो उठून आरशात बघून आला. त्याला स्वतःची शरम वाटली. पस्तीस वर्षांचा संसार आणि दोन अंड्यांत दुःख गेलं? दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम परत अंडी खाल्ली, बघू तरी म्हणून. दुःख आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता खळीचा ब्रश धुताना, काहीही न खाता, काहीही कारण नसताना त्याला रडू कोसळलं. घाम नव्हता, धडधड नव्हती, पोट शांत होतं.

"काय रे, परत साखर उतरली का?" घडीमावशीने विचारलं.

"नाही गं. ही बहुतेक खरी आठवण आहे."

तरी तक्ता त्याने वहीवरूनच भरला. आपण केलेलं खाणं तिच्या खाण्याइतकं नीट दिसेल, याची त्याला खात्री नव्हती.

तीन आठवड्यांनी आहाराच्या बाईने तक्ता उघडला आणि तिचा चेहरा खुलला.

"काका! हा तर मी भिंतीवर लावते. मासा, मग भाजी, मग भात. पाणी अर्ध्या तासाने. अहो, तीस वर्षांच्या माणसांना जमत नाही हे." तिने पान उलटलं. "आणि दाढ काढलीत तेव्हाही अंडं कुस्करून खाल्लंत. शाबास. कधी काढलीत दाढ?"

गठ्ठा गडबडला. दाढ काढून वर्ष झालं होतं. "ती... लिहिलंय तेव्हाच."

"दाखवा बघू, भरली का जखम?"

त्याने तोंड उघडलं. त्या बाजूला चार दाढा नव्हत्या, त्यामुळे तपासणीतून तो सुटला. तिने पुढचं पान उलटलं, आणि तिसऱ्या आठवड्यापाशी तिचं बोट थांबलं. ती मागे गेली, परत पुढे आली.

"काका, हे जिन्याचं काय आहे?"

"कसलं जिन्याचं?"

"तुम्ही लिहिलंय. त्रासाच्या रकान्यात." ती वाचायला लागली. "'जिना चढताना धाप. मधल्या पायरीवर बसून.' चार दिवसांनी, 'डावा खांदा जड, बादली उजव्या हाताने.' हे आणखी एक, 'छातीत दाबल्यासारखं, थोडा वेळ. कामं उरकली.' एकूण पाच वेळा आहे. आणि हे तुम्ही मला आत आल्या आल्या सांगत नाही? हा पोटाचा त्रास नाही, काका. हा छातीचा आहे. हे वाचून कुणीही डॉक्टर तुम्हाला घरी जाऊ देणार नाही. उठा."

तो काही बोलायच्या आत त्याला शेजारच्या खोलीत नेलं. छातीला तारा लावल्या. यंत्राने लांबच लांब कागद बाहेर टाकला. डॉक्टरांनी कागद बघितला आणि हसून सांगितलं की हृदय उत्तम आहे, अजून वीस वर्षं बघायला नको. गठ्ठ्याने शर्टाची बटणं लावली. एक बटण चुकलं, त्याने परत पहिल्यापासून लावली.

"हृदय ठीक आहे," आहाराची बाई म्हणाली. "मग ही धाप कशाने लागते? कितव्या मजल्यावर राहता तुम्ही?"

"तळमजल्यावर."

"मग जिना कुठला?"

"गच्चीचा," गठ्ठा म्हणाला. "कपडे वाळत घालायला जायचं असतं."

"तुम्ही जाता?"

"मी कधीच गेलेलो नाही."

तिच्यासमोर प्लॅस्टिकचा मासा होता, गठ्ठा त्याच्याकडे बघत राहिला. पाच महिने. त्या पानांनंतर बायको पाच महिने होती. रोज त्याच्यासमोर बसून त्याचे घास मोजत होती.

"मग हा तक्ता खोटा आहे का, काका?" तिने हळूच विचारलं.

"लिहिलंय ते खरं आहे," तो म्हणाला. "माझं नाही."

आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं. तिने पत्र दिलं नाही. रागावलीही नाही. मालकाच्या नावाने दोन ओळी लिहिल्या, की आणखी तीन आठवडे लागतील. "या वेळी खरं लिहा," एवढंच म्हणाली. "खराब असलं तरी चालेल. खराब खरं असेल तर दुरुस्त करता येतं. तुम्ही आणलेलं हे उत्तम आहे, त्याचं मी काय करू?"

घरी येऊन त्याने वह्या पहिल्यांदा वाचल्या. बाइंडर म्हणून पानं नुसती न्याहाळणारा माणूस या वेळी ओळीने वाचत गेला. "यांनी आज मासा टाकला, मला चिडवायला." "किती वर्षं लिहिणार विचारतात. यांना काय कळतंय." आणि त्याचा त्रास कमी होत गेला होता तसतसा तो शेवटचा रकाना रिकामा राहू लागला होता. रिकाम्या जागेत, बारीक अक्षरात, मागच्या दोन वह्यांपासून तिचा त्रास येऊन राहिला होता. दुसरीकडे कुठे लिहिणार? त्याने घरात एकच वही बांधून दिली होती.

त्याने लेकीला फोन केला.

"तुझ्या आईला कसला त्रास होता का गं? तुला कधी काही म्हणाली?"

"नाही हो बाबा. मी विचारलं की म्हणायची, सगळं वहीत लिहिलंय. मला वाटायचं, तुमचं."

"मलाही," गठ्ठा म्हणाला.

मालकाने चिठ्ठी वाचून तोंड वाकडं केलं. पण शाळा उघडायच्या होत्या, वह्यांचं काम मानेपर्यंत आलं होतं, आणि खळ लावायलाही माणूस हवाच होता. "तीन आठवडे, काका. एक दिवस जास्त नाही."

गठ्ठ्याने नवा तक्ता घेतला नाही. तिची वही जिथे थांबली होती, त्याच्या पुढच्या ओळीपासून त्याने लिहायला सुरुवात केली. वर तिचं शेवटचं होतं: मासा, भात दोन चमचे, त्रास काही नाही. खाली त्याचं वाकडंतिकडं अक्षर आलं. "केक अर्धा. वहिनी समोर उभ्या होत्या. घाम, वीस मिनिटं." "चिकन, भाजी. पाणी लगेच प्यायलो, विसरलो. पोट दुखलं." दुसऱ्या आठवड्यात त्याने वहिनींना सांगून टाकलं.

"वहिनी, तुमच्या केकने मला चक्कर येते."

वहिनींचा चेहरा पडला. "सहा महिने खाल्लात की हो, भावजी!"

"हो. सहा महिने पडत होतो. करायचंच असेल तर अंडी उकडून द्या."

"अंडी? शी, दुःखाच्या घरी कुणी उकडलेली अंडी घेऊन जातं का?" वहिनी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी चार घेऊन आल्या, वर झाकण ठेवून, केक असल्यासारखी.

कपडे तो आता स्वतः गच्चीवर नेऊ लागला. पहिल्या दिवसाची नोंद अशी होती: "जिना चढलो. धाप नाही. मधल्या पायरीवर बसलो तरी."

तीन आठवड्यांनी आहाराच्या बाईने ती वही वाचली. खाडाखोड होती, केक होता, एक दिवस तर नुसता चहा होता. चक्कर मात्र शेवटच्या अठरा दिवसांत एकही नव्हती, आणि रक्तात लोह वर सरकलं होतं. त्या जिन्याच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"हा त्रास आहे का, काका?"

"दुसरा रकाना नव्हता."

तिने पत्रावर सही केली.

कटिंग मशीनवर गठ्ठा परत उभा राहिला, तेव्हा घडीमावशीने सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून विचारलं, "काय रे गठ्ठ्या, परत मान ठेवायला आलास का पात्याखाली?" सगळे पोट धरून हसले. गठ्ठाही हसला. त्या दिवशी कातरण भरपूर निघाली होती. काम संपल्यावर त्याने त्यातल्या पट्ट्या जुळवल्या, शिलाई मारली, कापडी पाठ लावली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन घड्यांच्या टेबलापाशी गेला. घडीमावशी एका हाताने घड्या घालत होती आणि दुसऱ्या हाताने मनगट चोळत होती. किती वर्षं चोळत होती, कुणास ठाऊक.

"हे घे."

"मला काय करायचीय वही? मी काय तुझ्यासारखं पोट कापून घेतलंय?"

"उघड तर."

तिने उघडली. पानभर एकच रकाना होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"त्रास?" ती म्हणाली. "मला मेलीला कसला त्रास आलाय!"

"लिही, काही असेल ते."

"आणि वाचणार कोण?"

"मी वाचेन," गठ्ठा म्हणाला. "दर आठवड्याला."

घडीमावशीने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं, साखर उतरली नाही ना याची खात्री करून घेतली, आणि कानामागची पेन्सिल काढली.

"बरं. पहिल्या ओळीत तुझंच नाव लिहिते."